तीन हिरवे दिवे

प्रश्न : माझी मुलगी वैमानिक व्हायला शिकते आहे. आजवर ती सेस्ना १७२ वर होती, पुढच्या महिन्यात दोन इंजिनांच्या पायपर सेनेकावर जाईल. त्या विमानाची चाकं आत ओढली जातात म्हणे. ती खाली आलीच नाहीत तर? नागपूरच्या विमानाची बातमी वाचल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.
– एक आई, अमरावती

उत्तर : ताई, ती बातमी पूर्ण आठवा. ६ मे २०२१ ला रुग्णाला घेऊन हैदराबादला निघालेल्या किंग एअर सी-९० या छोट्या विमानाचं एक चाक नागपूरहून उडतानाच निखळलं. वैमानिकाने विमान मुंबईला नेलं आणि रात्री फेस पसरलेल्या धावपट्टीवर पोटावर उतरवलं. आतले पाचही जण सुखरूप बाहेर आले.

सेस्नाची चाकं कायम खालीच असतात, म्हणून हा प्रश्न तुमच्या घरी आजवर आला नाही. सेनेकात विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप चाकं वर ओढतो आणि तेलाचा दाब ती वर धरून ठेवतो. दाब गेला की चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात. म्हणून पंप बंद पडला तरी वेग कमी करून आणीबाणीची मूठ ओढायची, दाब सुटतो. तिन्ही चाकं खाली येऊन पक्की बसली की तीन हिरवे दिवे लागतात.

दिवे लागले नाहीत म्हणजे चाकं अडकलीच, असंही नाही. मी प्रशिक्षक असताना एका दुपारी पायपर अ‍ॅरोत (याचीही चाकं आत ओढली जातात) विद्यार्थ्याने चाकांची कळ खाली केली, आणि एकही दिवा दिसेना. पोरगा घामाघूम झाला. मी म्हटलं, उतरायचं सोड, तीन हजार फुटांवर चल, तिथे घिरट्या घालू. वर गेल्यावर सर्किट ब्रेकर पाहिला, ठीक होता. मग लक्षात आलं, नॅव्हिगेशन लाइट, म्हणजे पंखांच्या टोकांवरचे आणि शेपटीचे दिवे, चालू राहिले होते. ते चालू असले की त्या विमानात चाकांचे दिवे रात्रीसाठी आपोआप मंद होतात आणि भर उन्हात दिसतच नाहीत. लाइट बंद केले, तिन्ही हिरवे झाले. घाईने खाली उतरत राहिलो असतो तर हे सुचलं नसतं. टाकीत इंधन आहे तोवर हातात वेळ आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला चाकं न उघडलेलं एक छोटं बीचक्राफ्ट विमान जवळजवळ तीन तास घिरट्या घालत राहिलं. इंधन जळून वजन आणि आगीचा धोका कमी झाल्यावरच ते पोटावर उतरलं. तिघेही सुखरूप.

मला खरी धास्ती वाटते ती विमान वाचवायच्या मोहाची. पोटावर उतरताना पंख्याची पाती वाकणारच, इंजिन खोलावं लागणारच. ते टाळायला काही जण धावपट्टीपासून लांब असतानाच इंजिनं बंद करतात आणि धावपट्टीच्या अलीकडेच पडतात. धावपट्टी नक्की हाती आली की मगच इंधन नि वीज तोडायची. दार आधीच सैल करून ठेवायचं, म्हणजे सांगाडा वाकला तरी ते अडकत नाही. विमानाचं नुकसान विमा कंपनी बघेल.

लेकीला एवढं सांगा : पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांना म्हण, ती मूठ मला हवेत, तुमच्यासमोर, स्वतःच्या हाताने ओढायची आहे.