कॉल सेंटरमध्ये नोकरी करण्याचे फायदे-तोटे काय आहेत?

कॉल सेंटरची नोकरी घ्यावी का, असा प्रश्न असल्याने आधी जमेची बाजू सांगतो: पदवी वा अनुभवाची अट सहसा कडक नसते, आणि चिडलेल्या अनोळखी माणसाशी आवाज न चढवता बोलण्याची जी सवय येथे लागते, ती पुढे कोणत्याही कामात उपयोगी पडते.

खरी अडचण मोजमापाची आहे. ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलले जावेत, हे या क्षेत्रातील रूढ उद्दिष्ट. त्यापायी प्रत्येक कॉलला किती वेळ लागला, नंतरच्या नोंदीत किती गेला, इतकेच नव्हे तर पाणी प्यायला हेडसेट किती मिनिटे काढून ठेवला, याचाही हिशेब ठेवला जातो. पलीकडचा ग्राहक रडकुंडीला आलेला असतो आणि पडद्यावरचे सेकंद मात्र पुढे सरकत असतात. ही ओढाताण माझ्या मते शिव्या ऐकण्यापेक्षाही अधिक थकवते. रात्रपाळीने झोपेचे गणित बिघडते, हे वेगळे सांगायला नको. बढतीच्या जागाही मोजक्याच असतात.

रुजू होण्यापूर्वी पाळी किती दिवसांनी बदलते आणि पगाराचा किती भाग प्रोत्साहन भत्त्यावर अवलंबून आहे, हे लेखी मागून घ्यावे.