माझ्या हातावरच्या कॅलरी धाकट्याच्या निघाल्या

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वजन ७४ किलो, रोज सकाळी चार किलोमीटर चालता, घड्याळ दिवसाला ६०० च्या वर कॅलरी जळाल्याचं सांगतं, आणि तीन महिन्यांत काटा जागचा हललेला नाही. घड्याळ खोटं बोलतं का, आणि बोलत असेल तर दुसरं कोणतं घ्यावं?

खोटं बोलत नाही, अंदाजपंचे दाहोदरसे बोलतं. फक्त आकडा ६४३ असा दाखवतं, म्हणून आपल्याला वाटतं मोजलाय. ‘सहाशेच्या आसपास असतील बुवा’ असं लिहून आलं असतं तर तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता, आणि आमच्या घरात गेल्या मे महिन्यात जे झालं तेही झालं नसतं.

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. छोटा गाळा, मी आणि आणखी तिघी. पहाटे साडेसहाला कणीक तिंबायला घेतो, सात ते दहा लाटणं-भाजणं. माझ्या एकटीच्या हाताखालून तेवढ्या वेळात दीड-पावणेदोनशे पोळ्या जातात. हे एकोणीस वर्षं चाललंय. आणि एकोणीस वर्षं आमचे भाऊजी (ह्यांचे धाकटे भाऊ, ठाण्याला असतात) मला सांगतायत की, “वहिनी, ही नुसती हालचाल. व्यायाम वेगळा.” स्वतः संध्याकाळी तलावपाळीला, तिथल्या तळ्याकाठी, फेऱ्या मारतात आणि घरी आल्यावर घड्याळाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. खाली अंगठे देणं आम्हाला बंधनकारक.

तर मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाने नवीन घड्याळ घेतलं आणि जुनं मला दिलं. मी ते सकाळी सहाला हातात चढवलं आणि विसरून गेले. साडेदहाला बघते तर नऊ हजार पावलं! गाळ्यातून मी मोरीपर्यंत दोनदा गेले असेन. लाटण्यासोबत मनगट पुढेमागे होतं, तेवढ्यावर घड्याळाला वाटलं बाई चालतायत. त्याचं मला हसू आलं. पण त्याखाली होतं, ‘सक्रिय कॅलरी ६४०’. त्याचं मात्र हसू आलं नाही, ते मला अगदी पटलं. खांदे दुखतात, कंबर धरते, घामाने ब्लाउज पाठीला चिकटतो, मग ६४० नको?

त्या रविवारी सगळे आमच्याकडे आमरसाला. भाऊजींनी बाही वर केली, “आज ९४० झाल्यात, दोन वाट्या जास्त चालतील,” आणि वाटी पुढे केली. मी रस वाढला आणि शेजारी माझं मनगट ठेवलं. “माझ्या सकाळी दहालाच ६४०. तलावपाळीला न जाता.” जाऊबाईंना असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. तीन आठवडे मी राज्य केलं. रोज ग्रुपवर फोटो. अंगठे बंधनकारक केले नाहीत, पण आले.

मग मुलीने माझा फोन घेतला. ती आहारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घड्याळाचं ॲप उघडून म्हणाली, “आई, तुझी उंची १७८ कधी झाली?” धाकट्याने घड्याळ दिलं ते त्याच्याच माहितीसकट. पुरुष, वय ३८, वजन ८३, उंची १७८ सेंटिमीटर. मी ४९ वर्षांची, ६२ किलो, १५२ सेंटिमीटर. म्हणजे तीन आठवडे पोळ्या मी लाटत होते आणि कॅलरी धाकट्याच्या जळत होत्या.

फरक केवढा पडतो ते मुलीने कागदावर करून दाखवलं. १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर म्हणून एक सूत्र आहे, निव्वळ जिवंत राहायला दिवसभरात किती ऊर्जा लागते ते काढायचं. धाकट्याचे १७५७ आले, माझे ११६४. दोघांनी दिवसभर आडवं पडून राहायचं ठरवलं तरी जवळजवळ सहाशेचा फरक! घड्याळाचा सगळा डोलारा असल्या कुठल्यातरी सूत्रावर उभा असतो. कंपन्या आपापलं सूत्र उघड करत नाहीत, पण वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष, त्यावर हाताची हालचाल आणि नाडीचे ठोके, एवढाच माल त्यांच्याकडे असतो. जळालेली ऊर्जा खरोखर मोजायची तर तोंडाला मुखवटा बांधून श्वासातला ऑक्सिजन मोजतात. एक लिटर ऑक्सिजन खर्च झाला की साधारण पाच कॅलरी. घड्याळाला तुमचा श्वास कुठे दिसतो? मनगटावर हिरवा उजेड पाडून रक्ताची उसळी बघायची आणि बाकीचं ताडायचं.

माझी खरी माहिती भरल्यावर सकाळचा आकडा ३९० वर आला. ग्रुपवर सांगितलं नाही. (आता सांगतेय, भाऊजी इथे वाचत असतील तर वाचोत.)

पण मुलगी तिथे थांबणारी नव्हती. ती म्हणाली, ३९० सुद्धा जास्त वाटतात. मग आम्ही गाळ्यातच प्रयोग केला. एक दिवस मी लाटलं नाही, नुसती तव्यासमोर उभी राहून भाजत होते. ठोके ११२. दुसऱ्या दिवशी तव्यापासून लांब, पंख्याखाली, नुसतं लाटलं. ठोके ९६. म्हणजे दंड मोडून लाटताना कमी आणि उलथणं हातात घेऊन उभं राहिलं की जास्त! कारण उकाडा. अंग थंड ठेवायला शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, त्यासाठी हृदय भराभर चालतं, पण म्हणून स्नायू तेवढा जास्त ऑक्सिजन खातात असं नाही. घड्याळाला फक्त ठोके दिसतात, त्याला वाटतं बाई चढ चढतायत. कडक चहा, ताप, गिऱ्हाईकाशी भांडण, सगळ्याने ठोके वाढतात, आणि घड्याळ त्यालाही मेहनत समजू शकतं.

मुलीच्या हिशेबात माझे निघाले २८० च्या आसपास. तिच्याकडे कामांचा एक तक्ता आहे, कुठल्या कामाला बसून राहण्याच्या किती पट ऊर्जा लागते त्याचा. उभ्याने स्वयंपाक दोनपट ते साडेतीनपट, कसा करता त्यावर. तिने अडीच धरले. बसून राहायला किलोमागे तासाला एक कॅलरी, ती वजा केली की उरतात दीड. दीड गुणिले ६२ गुणिले तीन तास. ६४० चे २८० झाले. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

आता हे फक्त माझ्या गाळ्याचं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली ६० माणसांवर सात मनगटी यंत्रं तपासली होती. ट्रेडमिलवर चालवलं-पळवलं, सायकल मारायला लावली आणि मुखवट्याच्या मोजणीशी ताडून बघितलं. ठोके सातातल्या सहा यंत्रांनी चांगले मोजले, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सातही नापास. सगळ्यात बऱ्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. तरी ही प्रयोगशाळेतली साधीसरळ कामं. तव्यासमोर कोणी उभं केलं नव्हतं.

तुमच्याकडे येते. तुमचं चार किलोमीटर चालणं. सपाट रस्त्यावर चालायला बसून राहण्यापेक्षा जास्तीची ऊर्जा साधारण किलोमीटरमागे वजनाच्या निम्मी लागते. ७४ चे निम्मे ३७, गुणिले चार, म्हणजे दीडशेच्या आसपास. बाकीचे साडेचारशे दिवसभरातलं उठबस, ऑफिसचे जिने, रिक्षातले धक्के आणि हातवारे यांतून गोळा झालेत, त्यातले किती खरे ते घड्याळच जाणे. एका किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरतात. तुमचे ६०० खरे असते आणि खाणं तेवढंच राहिलं असतं, तर तीन महिन्यांत सात किलो उतरायला हवे होते. काटा हलला नाही, म्हणजे एक तर घड्याळ फुगवतंय किंवा तोंड जास्त चालतंय. बहुतेक दोन्ही. कारण आकडा बघितला की माणूस स्वतःला बक्षीस देतो, मी आमच्या जेवणाच्या टेबलावर हे बघितलंय.

भाऊजींचंच घ्या. वजन ८८. तासभरात पाच किलोमीटर. वरच्याच हिशेबाने २२०. ९४० कुठून आले ते मला अजून कळलेलं नाही. एक शक्यता मुलीने सांगितली. काही घड्याळं ‘एकूण’ आणि ‘सक्रिय’ असे दोन आकडे दाखवतात, एकूणमध्ये नुसतं जिवंत राहण्याचाही खर्च धरलेला असतो. भाऊजी कोणता बघतात? विचारलं तर म्हणतात, “जो मोठा दिसतो तो.” म्हणजे सकाळी झोपेतून उठेपर्यंतच त्यांनी दोनेक वाट्या आमरस कमावलेला असतो.

पिट्सबर्गला ४७१ तरुण माणसांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला होता, २०१६ मध्ये छापून आला. सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला तोच. निम्म्यांना सहा महिन्यांनंतर दंडावर बांधायचं यंत्र दिलं, बाकीच्यांनी आपलं आपण लिहून ठेवायचं. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो कमी, बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलो. असं का झालं ते त्या अभ्यासाने ठरवून सांगितलेलं नाही. मी सांगते. वाटी पुढे करणाऱ्यांमुळे. हे माझं मत आहे, विज्ञान नाही.

तेव्हा घड्याळातल्या कॅलरी खायच्या नाहीत, एवढं पक्कं करा. आकडा बघायचाच तर कालच्या तुमच्याच आकड्याशी ताडा, त्याच घड्याळावर, त्याच रस्त्यावर. शेजाऱ्याशी नको आणि दिराशी तर मुळीच नको. ॲपमध्ये जाऊन वजन-उंची-वय आजचं आहे का बघा, विशेषतः घड्याळ कोणाचं वापरलेलं असेल तर. पट्टा सैल ठेवू नका, उजेड बाजूने आत शिरला की ठोकेही चुकतात. ज्यांची मनगटं सावळी त्यांच्यावर ठोक्यांची चूक थोडी जास्त, हेही त्या स्टॅनफर्डच्या तपासणीत दिसलं होतं. आपल्याकडे बहुतेकांना हे लागू.

आता थोडं उलट बाजूनेही सांगायला हवं, नाहीतर मुलगी खाली टिप्पणी टाकेल. स्टॅनफर्डच्या तपासणीतली यंत्रं आता जुनी झाली, नवी त्याहून बरी असतील. माझा तव्याचा प्रयोग दोन दिवसांचा आणि एकाच बाईवरचा. माझे २८० हाही अंदाजच, अडीचच्या जागी तीन धरले तर ३७० होतात, हे मी तिला दोनदा सुनावलंय. घड्याळ निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही, झोपताना ठोके किती आणि महिन्याभरात खाली आले का, हे बघायला मला आवडतं. आणि तुम्हाला मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर वजन न उतरण्याचं कारण घड्याळात शोधू नका, डॉक्टरांना भेटा.

आणि हो, भाऊजींचं थोडं बरोबर होतं. माझ्या डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या की लाटताना दम लागत नाही, दम लागेल असं रोज अर्धा तास चाला. चालते. पण थोडंच बरोबर. तीन तास उभ्याने दीडशे पोळ्यांचे २८० आणि तलावपाळीच्या तासाभराचे २२०, यातला व्यायाम कुठला आणि ‘नुसती हालचाल’ कुठली, हे त्यांनी मला समजावून द्यावं. तासामागे बघा असं ते म्हणणार, मला ठाऊक आहे. ते तास काढून घरी येतात तेव्हा पोळी गरम मिळते, ती कोणाच्या तासातली?

कोणतं घड्याळ घ्यावं ते राहिलंच. मला त्यातलं कळत नाही. मी धाकट्याचंच वापरते, पण लाटताना काढून डब्यात ठेवते, पीठ जाऊन मागची काच आंधळी होते.

दिवाळीला भाऊजी इकडे येतायत. पहिल्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात लाटणं द्यायचं ठरलंय, घड्याळासकट, पूर्ण एक तास. जाऊबाई म्हणाल्या, “गॅस बंद ठेवा वहिनी, पोळ्या नंतर मी भाजते. नाहीतर उकाड्याचे ठोकेही आपल्याच खात्यात घालून घेतील.”