पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत अ‍ॅरेतल्या पहिल्या नावाऐवजी 3 का मिळतं?

अ‍ॅरे (अनेक किमती क्रमाने ठेवणारं व्हेरिएबल) ठीक आहे, घोळ डावीकडे आहे. $पहिलं = @नावं; असं लिहिलंत की डावीकडे एकच किंमत मावते, म्हणजे स्केलर कॉन्टेक्स्ट. त्यात अ‍ॅरे आपली लांबी सांगतो. तुमच्याकडे तीन नावं आहेत, म्हणून 3. ($पहिलं) = @नावं; असा कंस घाला; लिस्ट कॉन्टेक्स्ट लागू होतो, म्हणजे अनेक किमती अपेक्षित असतात, पहिलं नाव हाती येतं आणि बाकीची गळतात.

उजवीकडे कंस घालून मात्र काही होत नाही. $क = (4, 5, 6); केलंत तर 6 येईल, 3 नाही! तिथे लिस्ट नसतेच. स्वल्पविराम आधीच्या किमती टाकून देतो आणि शेवटची ठेवतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते रिव्हर्सने, म्हणजे क्रम उलटा करणाऱ्या फंक्शनने. प्रिंट रिव्हर्स 123 चालवलं तर 123 च छापलं जातं, कारण प्रिंटला लिस्ट हवी असते आणि एकाच घटकाची लिस्ट उलटी केली तरी तशीच राहते. रिव्हर्सच्या आधी स्केलर हा शब्द लिहा, मग अक्षरंच उलटी होऊन 321 येईल.

वेळ सांगणारं लोकलटाइम हे फंक्शनही असंच: स्केलरमध्ये वाचता येणारी तारीख-वेळ, लिस्टमध्ये 9 किमती. त्यातल्या वर्षात 1900 मिळवावे लागतात, हे विसरू नका.