एकाच लॅपटॉपवर जावा ८ आणि १७, दोन्ही कसं ठेवायचं?

प्रश्न : दादा, मी चोपड्याचा, जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये जावा ८ आहे आणि आमचा प्रोजेक्ट स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कमध्ये, त्याला १७ लागतं. मी १७ टाकलं, कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हर्जन बघितलं तर १७ च दाखवतंय, पण मेव्हनने, म्हणजे प्रोजेक्ट बांधायच्या टूलने, बिल्ड केलं की 'इनव्हॅलिड टार्गेट रिलीज : १७' येतं. मित्र म्हणतो ८ उडवून टाक. काय करू?

उत्तर : उडवू नको रे भाऊ, लॅबच्या प्रॅक्टिकलला ते लागणारच आहे. जेडीके, म्हणजे जावाचं डेव्हलपमेंट किट, हे शेवटी एक फोल्डर, असे चार फोल्डर शेजारी शेजारी ठेवले तरी भांडत नाहीत. घोळ होतो तो कुठलं जावा उचलायचं यात. नुसतं 'जावा' टाइप केलं की विंडोज पाथच्या, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या, यादीत वरून खाली शोधतं आणि पहिलं सापडेल ते चालवतं, ऑरॅकलचा इन्स्टॉलर आपला रस्ता या यादीत सगळ्यात वर टाकतो म्हणून तुला १७ दिसतंय. मेव्हन मात्र आधी 'जावा_होम' हे जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता ठेवणारं सेटिंग बघतं आणि ते तुझ्याकडे अजून ८ वरच असणार. 'एमव्हीएन -व्ही' (mvn -v) टाकून बघ, कुठलं जावा धरलंय ते तिथे लगेच कळतं.

माझं मत, दोन छोट्या बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेल्या .bat फाइल) बनव, एक ८ ची, एक १७ ची. प्रत्येकीत 'सेट' ने जावा_होम त्या त्या फोल्डरवर लावायचं आणि त्याच्या आतलं 'बिन' फोल्डर पाथच्या सुरुवातीला जोडायचं. प्रोजेक्ट उघडला की कमांड प्रॉम्प्टमध्ये १७ ची फाइल चालव, बदल फक्त त्या विंडोपुरता राहतो, बाकी मशीनला धक्का लागत नाही. पाथसाठी बदल कायमचा करणारी 'सेटएक्स' कमांड मात्र वापरू नको, १०२४ अक्षरांच्या पुढचा पाथ ते सरळ कापतं आणि मग इतर सॉफ्टवेअर पण सापडेनाशी होतात. कोड लिहायला इंटेलिजे किंवा एक्लिप्स वापरत असशील तर जेडीके तिथे वेगळं निवडावं लागतं.

आणि एक, घरी १७ वर कंपाइल केलेली क्लास फाइल लॅबमध्ये नेलीस तर चालणार नाही, ६१ आणि ५२ असे आकडे असलेला एरर येईल, ६१ म्हणजे १७ आणि ५२ म्हणजे ८. लॅबसाठी कंपाइल करताना ८ च्या विंडोतूनच कर, नाहीतर १७ च्या जावासीला (जावाच्या कंपाइलरला) '--रिलीज ८' दे.