बेल्ट लावला तरी सीटबेल्टचा लाल दिवा विझत नाही, सीट मागेपुढे केली की मधेच विझतो, काय बिघडलं असेल?

आधी ड्रायव्हर सीटखालचा कनेक्टर (वायरींचा जोड) बघा; सीट मागेपुढे केल्यावर दिवा मधेच विझतो असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून दोष तिथेच वाटतो. मी कुर्ल्यात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. पावसाळ्यात ओले मॅट, त्यात सीटची ये-जा, यामुळे तिथल्या पिना हिरवट पडतात किंवा वायर ओढली जाऊन ढिली होते. कॉन्टॅक्ट क्लीनर (इलेक्ट्रिक पिना साफ करायचा स्प्रे) मारा, वाळू द्या, कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत दाबा, वायर सीटच्या रुळापासून लांब बांधा.

तरीही दिवा राहिला तर बकल, म्हणजे बेल्ट ज्यात अडकतो तो भाग, तपासा. बेल्ट लावून बकल जरा हलवा. दिवा लुकलुकला तर आतला स्विच गेला किंवा त्यात कचरा अडकलाय. बिस्किटाचा चुरा, सुटी नाणी, काय वाट्टेल ते निघतं. व्हॅक्यूमने ओढून घ्या. तेल मात्र अजिबात सोडू नका, धूळ आणखी चिकटते. स्विचच खराब असेल तर अख्खं बकल बदलायचं, खोलून जुगाड नको. बेल्टऐवजी बकलमध्ये खुपसून इशाऱ्याचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपाही नकोत; २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या ऑनलाइन विक्रीतून काढायला लावल्या.

मात्र सोबत एअरबॅगचा दिवाही लागत असेल किंवा कनेक्टर पिवळा असेल, तर घरी हात लावू नका. पिवळी लाइन एअरबॅग आणि प्रीटेन्शनरची (धडकेत बेल्ट घट्ट ओढणाऱ्या भागाची) असते. ते काम बॅटरी काढून, थोडा वेळ थांबून, स्कॅनर (गाडीतला दोष वाचणारं यंत्र) असलेल्या माणसानेच करायचं.