करारावरची तारीख आणि सर्वेक्षणातला आकडा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्यासाठीचा, सीडॉ या नावाने ओळखला जाणारा करार भारताने १९९३ मध्ये स्वीकारला, महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्यापूर्वी झाले होते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. तर या दोन नोंदी एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडून ‘भारताने करार मोडला’ असे प्रबंधात लिहिता येईल का? केवळ या दोन नोंदींच्या बळावर तसे लिहिता येणार नाही. मात्र तक्त्यात आणखी दोन रकाने घातले, तर जे लिहिता येईल ते सरकारी बाजूला खोडून काढणे जास्त अवघड जाईल.

पहिल्यांदा तारखांचे पाहू, कारण आपल्या तक्त्यात ‘भारताने केलेले करार’ या एकाच मथळ्याखाली स्वाक्षरी आणि अनुसमर्थन (म्हणजे करार आपल्यावर बंधनकारक असल्याची देशाने दिलेली अंतिम मान्यता) या दोन्हींची सरमिसळ झाली आहे. छळविरोधी करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थन आजतागायत केलेले नाही. त्यासाठीचे विधेयक लोकसभेत २०१० मध्ये मंजूर झाले, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. सक्तीने बेपत्ता केल्या जाणाऱ्या व्यक्तींविषयीच्या कराराचेही तसेच: २००७ मध्ये स्वाक्षरी झाली आणि गाडी तिथेच थांबली. उलट अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारावर त्याच वर्षी ३० मार्चला स्वाक्षरी झाली आणि १ ऑक्टोबरला अनुसमर्थनही झाले. नागरी व राजकीय हक्क आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क या दोन मूळ करारांत भारत १० एप्रिल १९७९ रोजी थेट सामील झाला, त्यामुळे तिथे वेगळी स्वाक्षरीची तारीख शोधू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका टिपणात मी छळविरोधी करार ‘भारतावर बंधनकारक’ असल्याचे लिहिले होते, आणि डेक्कनवरच्या एका बैठकीत एका ज्येष्ठ वकिलांनी ते वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. स्वाक्षरी करणाऱ्या देशाने कराराच्या उद्देशाला हरताळ फासेल असे काही करू नये एवढी अपेक्षा असते. त्यातील कलमे त्याला लागू होतात ती अनुसमर्थनानंतर.

अनुसमर्थन झाले म्हणून करार आपोआप पुण्यातल्या शिवाजीनगरच्या न्यायालयात चालू लागतो असेही नाही. आपल्याकडे त्यासाठी संसदेने कायदा करावा लागतो आणि तो अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ मध्ये आहे. कर्ज फेडता न आल्याबद्दलच्या कैदेविषयीच्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हेच स्पष्ट केले, आणि तरीही देशातील कायद्याचा अर्थ लावताना कराराचा आधार घेतला. १९९७ च्या विशाखा निकालात न्यायालय आणखी पुढे गेले: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी कायदाच नव्हता, तेव्हा सीडॉच्या आधारे मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि संसदेचा कायदा यायला २०१३ उजाडले.

आता आपल्या तक्त्यात नसलेला पहिला रकाना, म्हणजे करार स्वीकारताना सरकारने जोडलेली निवेदने. सीडॉच्या अनुच्छेद ५ (अ) आणि १६ (१) विषयी भारताने असे म्हटले आहे की कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्या समाजाचा पुढाकार आणि संमती असल्याशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या आपल्या धोरणाला धरूनच ही कलमे पाळली जातील. हे वाक्य पुण्यात बसून वाचताना १८९१ च्या संमतिवयाच्या वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचे कायदेशीर किमान वय, दहावरून बारावर नेण्याचा तो कायदा होता. समाजसुधारणा समाजातूनच यावी, परक्या सरकारच्या कायद्याने नको, ही टिळकांची भूमिका, तर संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनांच्याच आधारे त्याचे समर्थन केले होते. सरकार आपले झाले, शतक उलटले, आणि युक्तिवादाचा सांगाडा १९९३ च्या निवेदनात जवळजवळ तसाच उतरला. हे माझे मत आहे. प्रबंधात घ्यायचे असल्यास मत म्हणूनच घ्या.

आपल्या विषयासाठी खरा महत्त्वाचा आहे तो अनुच्छेद १६ (२). त्यात तीन गोष्टी आहेत: बालकाच्या वाङ्निश्चयाला आणि विवाहाला कायदेशीर परिणाम नसावा, विवाहाचे किमान वय ठरवावे, आणि विवाहनोंदणी सक्तीची असावी. यांपैकी भारताचे निवेदन केवळ तिसऱ्या गोष्टीविषयी आहे. सक्तीच्या नोंदणीचे तत्त्व मान्य, परंतु विविध चालीरीती, धर्म आणि साक्षरतेचे प्रमाण पाहता एवढ्या मोठ्या देशात ती व्यवहार्य नाही, असे त्यात म्हटले आहे. गंमत अशी की महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ पासून होता, १९९८ मध्ये नवा आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या प्रकरणात सर्व राज्यांना नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. निवेदन मात्र जागच्या जागी आहे. पहिल्या गोष्टीविषयी, म्हणजे बालविवाहाला कायदेशीर परिणाम नसण्याविषयी, १६ (२) वरच्या त्या निवेदनात एक अक्षरही नाही.

म्हणून दुसरा रकाना देशातील कायद्याचा हवा. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार असा विवाह लावणे हा गुन्हा आहे, पण पळवून नेणे किंवा विक्री यांसारखी ठरावीक प्रकरणे सोडली तर झालेला विवाह मुळातच रद्दबातल ठरत नाही. लग्नाच्या वेळी जी व्यक्ती बालक होती तिने सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयात अर्ज केला, तरच तो रद्द होतो. म्हणजे सासरी नांदणाऱ्या, हाताशी पैसा नसलेल्या आणि बहुधा एक मूल असलेल्या मुलीने विसावे वर्ष संपण्यापूर्वी स्वतः न्यायालयाची पायरी चढायची. कर्नाटकाने आपल्या दुरुस्तीने असे विवाह मुळापासूनच शून्य ठरवले आणि २०१७ च्या इंडिपेंडंट थॉट निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीची प्रशंसाही केली. करार म्हणतो परिणाम नसावा, कायदा म्हणतो रद्द करून घेईपर्यंत परिणाम आहे. आपल्याला ज्याचे बोट धरता येईल ती विसंगती ही आहे, आणि ती दाखवायला एकाही टक्केवारीची गरज नाही.

मग आकड्याचे काय करायचे? आकडा ही विसंगती किती जणींच्या वाट्याला येते ते सांगतो, पण तो नीट वाचावा लागतो. २०१९ मध्ये बावीस वर्षांची असलेली आणि सोळाव्या वर्षी लग्न झालेली स्त्री २०१३ मध्ये बोहल्यावर चढलेली असते, त्यामुळे २१.९ टक्के हे आजचे चित्र नसून काही वर्षांपूर्वीच्या लग्नांचा मागोवा आहे. शिवाय महाराष्ट्रातील पाहणी सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे टाळेबंदी लागू होण्यापूर्वीच आटोपली होती. शाळा बंद असताना मराठवाड्यात काय घडले ते या आकड्यात शोधणे व्यर्थ आहे. चौथ्या फेरीतील २६.३ वरून झालेली घट खरी आहे आणि ती लपवू नका, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. पण राज्याच्या सरासरीखाली परभणीचे ४८ टक्के आणि बीडचे ४४ च्या आसपासचे प्रमाण दडलेले आहे. ऊसतोडीला जोडीने जावे लागते, कोयत्याचा हिशेबच नवरा-बायको मिळून होतो, आणि वयात आलेली मुलगी पालावर किंवा गावी एकटी ठेवण्याची आईबापांना धास्ती असते, ही कारणे त्या भागात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहेत. जिल्ह्याचा नमुना लहान असतो, म्हणून दशांशावर भर देऊ नका.

गुन्हे नोंदणीचा आकडा मात्र या कामासाठी वापरूच नये. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या २०२१ च्या अहवालात या कायद्याखाली देशभरात हजाराच्या आसपास प्रकरणे आहेत. त्यावरून बालविवाह किती झाले हे कळत नाही, किती ठिकाणी कोणी तक्रार केली एवढेच कळते. असाच सापळा १,०२० चा आहे. पाचव्या फेरीत दर हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया आढळल्या, ते आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्यांचे प्रमाण आहे आणि कामासाठी बाहेर असलेले पुरुष त्यातून सहज गळतात. त्याच सर्वेक्षणात जन्मावेळचे लिंग गुणोत्तर ९२९ आहे, आणि समानतेविषयी बोलायचे तर तो आकडा घ्यावा.

प्रबंधातील वाक्य मी साधारण असे लिहिले असते: ‘बालविवाहाला कायदेशीर परिणाम नसावा या अनुच्छेद १६ (२) मधील तरतुदीविषयी भारताने त्या अनुच्छेदावरील निवेदनात कोणताही अपवाद नोंदवलेला नसूनही २००६ चा अधिनियम असा विवाह रद्द होईपर्यंत वैध मानतो, आणि २०१९-२० मध्ये महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे पाचपैकी एका स्त्रीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते.’ सरकारची बाजू अनुच्छेद १६ (१) वरील निवेदनाचा आधार घेईल, तेव्हा त्याचे उत्तर तळटिपेत तयार ठेवा. जिल्हावार तथ्यपत्रके देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने प्रसिद्ध केलेली आहेत, आणि जुन्या फेऱ्यांचे छापील अहवाल पाहायचे असल्यास गोखले संस्थेच्या ग्रंथालयात चौकशी करा. जाण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाचे पत्र सोबत घ्या.