कळांच्या वेळी सोबतीला कोण? आणि त्याने करायचं काय?

प्रश्न : सिस्टर, बायकोला आठवा संपत आलाय. पहिलटकरीण, त्यामुळे माहेरी तासगावला आहे. तिथल्या नर्सिंग होममध्ये एका माणसाला आत थांबू देतात. ती म्हणते, तूच थांब. सासूबाईंना ते पटलेलं नाही. आणि खरं सांगतो, रक्त बघितलं की मला गरगरतं. आत जाऊन मी नक्की करू काय?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : कोण थांबणार हे तिने ठरवायचं असतं, आणि तिने ठरवलंय. तो विषय संपला. पण सासूबाईंना बाजूला टाकू नका. पहिल्या खेपेला सुरुवातीच्या कळा तासन्‌तास चालतात, आणि तेव्हा तुम्ही फार तर साताऱ्यापर्यंत पोचलेले असाल. ते तास त्यांचेच. एस.टी. चुकली, घाटात अडकलात, तर आतही त्याच जाणार. म्हणून हे उत्तर दोघांनी वाचा.

‘पुरुषाचं तिथं काय काम’ असं कुणी म्हणालं तर सांगा, की वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ साली १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र तपासले, पंधरा हजारांवर बायकांचे. सोबतीला सतत कुणीतरी असलं की सिझर कमी होतात आणि बाळंतपणही थोडं लवकर उरकतं, असं त्यात दिसलं. यातला ‘सतत’ महत्त्वाचा. दर दहा मिनिटांनी फोन घ्यायला बाहेर जाणारा माणूस सोबतीला नसतोच.

आता गरगरण्याचं. तुमची जागा तिच्या डोक्याशी. तिथून तिचा चेहरा दिसतो, बाकीचं फारसं नाही. जेवून आत जा. धिप्पाड नवरे कोसळताना मी पाहिलेत, आणि बहुतेकांच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर शूरपणा न करता खाली बसा. सिस्टरला एकाच वेळी दोन पेशंट नको असतात.

कळा जोरात आल्या की एक कळ साधारण मिनिटभर राहते, मग दोन-तीन मिनिटं उसंत. कळ चालू असताना तिला काहीही विचारू नका, ‘पाणी देऊ का?’ हेसुद्धा नाही. कळ ओसरली की पेला ओठांशी न्या, हवं असेल तर ती घोट घेईल. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी, नारळपाणी, पातळ पेज चालते. उसंतीत गप्पाही मारू नका. त्या दोन मिनिटांत बाईला चक्क डुलकी लागते, आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी गावाकडची खबर काढतं.

कंबर फाटतेय म्हणाली तर माकडहाडाच्या जरा वर, सपाट हाडावर तळव्याचा मनगटाकडचा भाग टेकवून सरळ दाबा. चोळू नका, दाबून धरा. जागा ती सांगेल, जोर किती तेही तीच सांगेल. आणि ‘हात काढ’ म्हणाली तर राग मानू नका. उताणं पडून राहण्यापेक्षा डावी कूस बरी, आणि सिस्टर हो म्हणाली तर कॉट धरून पुढे वाकून उभं राहणं त्याहून बरं. दर दोन तासांनी लघवीची आठवण करा. कळांच्या नादात तिला कळत नाही, आणि लघवीची पिशवी भरली की बाळाच्या डोक्याला खाली सरकायला अडचण होते. हाताला मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले म्हणाली, तर ती भराभर श्वास घेतेय. तिला ‘श्वास घे, श्वास घे’ करू नका. तिच्यासमोर तुम्हीच सावकाश, लांब श्वास सोडत राहा, ती आपोआप तुमच्या मागे येते.

माझा खरा मुद्दा पुढचा आहे. गर्भपिशवीचं तोंड सात-आठ सेंटीमीटर उघडलं की बाई बदलते. थरथरते, उलटी करते, तुम्हाला शिव्या घालते आणि म्हणते, ‘मला नाही सोसत, सिझर करा.’ सोबतीची माणसं ढेपाळतात ती इथेच. आई रडायला लागते, नवरा डॉक्टरांच्या केबिनकडे धावतो. बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो, की आता फार राहिलेलं नाही. तिथून हलू नका. सिस्टरला दोनच गोष्टी विचारा: बाळाचे ठोके बरे आहेत का, आणि काम पुढे सरकतंय का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर ते तिच्या कानात सांगा आणि हात धरून ठेवा. ठोके घसरले, रक्त जास्त गेलं, काम अडलं, तर डॉक्टर स्वतःच सिझरचं बोलतील. तेव्हा घोळ घालायचा नाही. वेदना कमी करायचं इंजेक्शन किंवा एपिड्युरल (कण्यात सुई घालून कमरेखालच्या वेदना कमी करतात ते) तिला हवं असेल, तर ते तिच्या वतीने जरूर मागा. पण त्या दवाखान्यात मिळतं का, हे आत्ताच विचारून ठेवा.

‘तासाला एक सेंटीमीटर’ हा हिशेब बाहेर बसलेले काका-मामा लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय, की हा वेग सगळ्या बायकांना लागू पडत नाही, आणि खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा. बाहेर उत्तरं देत बसू नका.

शेवटी सगळी खोली ‘जोर लाव’ म्हणून ओरडत असते, त्यात तुमची भर नको. डोकं बाहेर येताना सिस्टर म्हणेल, ‘आता जोर नको, तोंडाने श्वास सोड.’ त्या गोंगाटात तिला ते ऐकू जात नाही. तेवढं वाक्य तिच्या कानाशी परत म्हणा. ‘वरून पोट दाबा’ असा सल्ला कुणी दिला तर तो बाहेरच ठेवा.

बाळ रडलं की सगळे बाळामागे जातात. तुम्ही जाऊ नका. वार पडायची असते, कधी टाके असतात, आणि नेमकी तेव्हाच ती एकटी पडते. बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवा म्हणावं, वरून पांघरूण. पहिल्या तासात अंगावर पाजायचं; मधाचं बोट नको, मग आत्या कितीही रुसो. पुढच्या दोन तासांत पॅड भराभर भिजतोय किंवा ती पांढरी पडतेय असं वाटलं, तर लगेच सिस्टरला हाक मारा. ‘मुलगा की मुलगी’चे फोन थांबू शकतात.

प्रश्न : भाची सरकारी दवाखान्यात बाळंत होणार आहे. तिला आई नाही. मला आत सोडतील का?
— एक मामी, गडहिंग्लज

उत्तर : केंद्राच्या आरोग्य खात्याने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत अशा सोबतिणीला परवानगी दिली आहे. घरातली बाई हवी, तीही स्वतः बाळंतपणातून गेलेली. कसला संसर्ग नको, कपडे स्वच्छ, शेवटपर्यंत थांबायची तयारी आणि कामात लुडबुड नाही. आडोशाची नीट सोय असेल तिथे नवऱ्यालाही सोडता येतं. पुढच्या तपासणीला भाचीसोबत जा आणि तिथल्या सिस्टरला चेहरा दाखवून ठेवा. शेजारच्या टेबलावरची बाई कण्हत असली तरी तिच्याकडे जायचं नाही, हाही नियमच आहे. जड जातं, पण पाळा.

प्रश्न : खोट्या कळा कशा ओळखायच्या? दोनदा जाऊन परत आलो.
— एक आजी होणारी, जत

उत्तर : चालल्यावर, कूस बदलल्यावर विरतात त्या खोट्या. खऱ्या कळांचं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. परत पाठवलं म्हणून तिसऱ्यांदा जायला लाजू नका, जतहून तर नाहीच. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळ हलायचं कमी झालं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर कळांची वाट न बघता १०८ ला फोन करा. फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड आजपासूनच दाराजवळच्या पिशवीत ठेवा.